दादा चालू लागला, पण स्वतःहून काहीच सुरू करत नाही : मेंदूला मार लागल्यानंतरचे घरातले पुनर्वसन

आडवा धागा (धागाकर्ती) | ११ मे, रात्री १०.४०

नमस्कार. हा धागा माझ्या थोरल्या भावाविषयी आहे. तो सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून पुन्हा चालू करणारा माणूस. वय ४१. गेल्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिसरी पाळी संपवून सकाळी घरी येताना रस्त्यावरच्या खडीवर त्याची मोटारसायकल घसरली. हेल्मेट होते, पण ते आरशाला अडकवलेले होते.

रुग्णालयात पोहोचला तेव्हा शुद्ध किती आहे हे मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर त्याचे गुण ७ होते. सीटीमध्ये उजव्या बाजूला कवटीच्या आत रक्त साचलेले दिसले आणि कपाळामागच्या भागात मेंदूला दोन्हीकडे मुका मार होता. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. कवटीचे काढलेले हाड पोटाच्या कातडीखाली ठेवले, घशाला छिद्र पाडून नळी घातली, १९ दिवस आयसीयूत गेले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस तो घरी आला. हाड डिसेंबरमध्ये परत बसवले.

आज आठ महिने झाले. डावा पाय किंचित घासत का होईना, तो चालतो. आपल्या हाताने जेवतो. बोलणे स्पष्ट आहे. गल्लीतले लोक म्हणतात, "पहिल्यासारखा झाला की!" तो पहिल्यासारखा झालेला नाही हे घरात वहिनीला, दोन मुलांना आणि मला दिसते, मात्र नेमके काय झाले आहे हे आम्हाला शब्दांत सांगता येत नाही, म्हणून उदाहरणेच देते.

वहिनीने ब्रशला पेस्ट लावून हातात दिला की तो दात घासतो. एके दिवशी, स्वतःहून उठतो का हे पाहण्यासाठी, तिने मुद्दाम ब्रश दिला नाही. साडेसहाला जागा झालेला माणूस साडेअकरापर्यंत पलंगाच्या कडेला, पाय खाली सोडून, समोरच्या भिंतीकडे पाहत बसून राहिला. विचारले तर म्हणाला, "उठतोच आहे." भेटायला आलेल्यांना तो सांगतो की आजच पहिली पाळी करून आलो. धाकट्या मुलाने पाढे मोठ्याने म्हटले म्हणून त्याने पाण्याचा तांब्या भिरकावला. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला आम्ही हौसेने त्याला संमती कट्ट्याजवळ नेले, तर गर्दीत कानांवर हात ठेवून तो रस्त्यातच खाली बसला आणि उठवायला गेलेल्या माझ्या यजमानांना त्याने मारले. शेंगाची चटणी त्याला जीव की प्राण होती. आता ती ताटात तशीच राहते. आणि रोज संध्याकाळी गाडीची किल्ली मागतो, कारण त्याच्या मते त्याला काहीही झालेले नाही.

घरी सोडताना मिळालेल्या कागदावर एकच ओळ होती : फिजिओथेरपी सुरू ठेवावी. हातापायांचा व्यायाम आम्ही मनापासून केला. स्वभावाचे, आठवणीचे आणि या बसून राहण्याचे काय करायचे, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. ज्यांच्या घरात हे घडले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

शेंगाचटणी | ११ मे, रात्री ११.१५

ताई, वाचून वाईट वाटले. वहिनी दिवसभर एकट्याच असतात का? आणि आपण त्यांच्याकडे राहता की येऊन-जाऊन असता?

आडवा धागा | ११ मे, रात्री ११.३२

मी विजापूर रोडला राहते, संध्याकाळी तासभर जाते. दिवसभर वहिनी एकटीच. ती आधी घरी शिलाईकाम करायची, ते आता बंद आहे.

हातपाय | १२ मे, दुपारी ३.०५

मी सोलापुरातच भौतिकोपचाराचे काम करते आणि मेंदूला मार लागलेले रुग्ण बऱ्याचदा माझ्याकडे येतात. तुमच्या भावाला मी पाहिलेले नाही, म्हणून हे निदान समजू नये. पण तुम्ही दिलेली उदाहरणे इतकी नेमकी आहेत की त्यांवर लिहिणे शक्य आहे.

प्रथम त्या ७ गुणांविषयी. ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये ही मोजपट्टी मांडली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांवर ३ ते १५ गुण देतात आणि ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर दुखापत. पहिल्या काही तासांत धोका किती आहे, हे तिच्यावरून कळते. आठ महिन्यांनी घरात काय दिसेल हे मात्र तेवढ्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी अपघातानंतर रोजच्या घडामोडी सलग लक्षात राहू लागेपर्यंत किती दिवस गेले, ही माहिती अधिक उपयोगी पडते. तो काळ चार आठवड्यांहून मोठा असेल, तर दुखापत अतिगंभीर धरतात आणि सुधारणेला महिने नव्हे, वर्षे द्यावी लागतात. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो, पुढे तो मंदावतो, थांबत नाही. मी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीही नवी कामे शिकलेले रुग्ण पाहिले आहेत.

आता पलंगाच्या कडेला बसून राहण्याविषयी. कपाळामागच्या मेंदूकडे अनेक कामे आहेत आणि त्यांतले एक म्हणजे आरंभ करणे. उठावे, ब्रश घ्यावा, पेस्ट लावावी, ही साखळी तुमच्या भावाला माहीत आहे आणि हातही ती करू शकतात, परंतु पहिली कडी ओढणारी शक्ती दुखावलेली आहे. "उठतोच आहे" हे त्यांचे उत्तर खरे समजा. त्यांना खरोखरच उठायचे होते. आपल्याकडे याला आळस म्हणतात, पुढे बायकोच्या जिवावर बसून खातो असेही म्हणतात, आणि मग घरातले लोक त्याची परीक्षा पाहण्यासाठी मदत काढून घेतात, जसे वहिनींनी त्या दिवशी केले. त्यांचा दोष नाही, पण ती परीक्षा पुन्हा घेऊ नये.

तुमचा भाऊ जॉबर आहे, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगते. माग शाबूत आहे, ताणा भरलेला आहे, पण चालू करण्याचा दांडा आत अडकला आहे. तोवर तो दांडा बाहेरून ओढावा लागेल. "आता काय करायचे?" असा मोकळा प्रश्न विचारू नका, "आधी अंघोळ की आधी चहा?" असे दोनच पर्याय द्या. एका वेळी एकच सूचना द्या आणि उत्तरासाठी मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. रोजचा क्रम ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, त्याच वस्तूंनी होऊ द्या. पंधरा-वीस मिनिटांच्या कामानंतर विश्रांती हवीच, कारण दुखावलेला मेंदू साध्या कामानेही लवकर थकतो आणि हा थकवा चेहऱ्यावर दिसण्याआधी चिडचिडीत दिसतो. सध्याच्या उन्हात, दुपारी पत्रे तापलेले असताना, कोणताही व्यायाम करून घेऊ नका.

दुसरे, आठवणीविषयी. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा पलंगाशेजारी बसून "मला ओळखलंस का? सांग बघू मी कोण?" असे विचारतो की नाही? ही प्रेमाने घेतलेली परीक्षा रुग्णाचे नुकसान करते. स्मरणशक्ती दुबळी असते तेव्हा अंदाजाने दिलेले चुकीचे उत्तरच डोक्यात पक्के बसते, कारण आपण चुकलो होतो ही आठवण त्याच्याकडे राहत नाही. म्हणून आधी बरोबर उत्तर सांगायचे, ते वदवून घ्यायचे आणि आधार हळूहळू काढायचा. पाहुण्यांनी दारातच "मी तुझा मामा, बार्शीहून आलो" असे सांगावे. आजच पाळी करून आलो हे सांगणे खोटे बोलणे नाही. आठवणीतली रिकामी जागा मेंदू जुन्या आठवणीने भरून काढतो आणि बोलणाऱ्याला ते खरेच वाटते. त्यावर वाद घालू नका. "आज रविवार आहे, आज तू घरीच होतास" एवढे शांतपणे सांगून विषय बदला.

तिसरे, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते : चटणी. तुम्ही ते सहज लिहिले आहे, पण आपल्याकडे चटणी ताटाच्या डाव्या बाजूला वाढतात. मार उजव्या बाजूला आहे. आज जेवताना चटणी उजवीकडे वाढून पाहा आणि काय होते ते इथे कळवा. त्याचबरोबर, डोळे मिटायला सांगून नाकाशी कॉफीची पूड धरा आणि वास ओळखता येतो का तेही पाहा.

मुक्काम पोस्ट बार्शी | १२ मे, सायंकाळी ७.२०

माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्या चुलत्यांना असाच मार लागला होता. घरात बसवून ठेवले की माणूस आणखी खचतो. त्यांना कामावर पाठवा, हात चालू लागले की डोके आपोआप चालेल. शिवाय रोज रात्री डोक्यावर तेल जिरवावे. आमच्याकडे त्याचा गुण आला. औषधांच्या गोळ्या किती दिवस खाणार?

हातपाय | १२ मे, रात्री ९.४८

काम हे औषध आहे, या भागाशी मी सहमत आहे. मात्र चालू माग हे पहिले काम असू शकत नाही. गंभीर दुखापतीनंतर फिट येण्याची शक्यता पुढे अनेक महिने, कधी वर्षांनीही असते आणि फिरत्या यंत्राशेजारी ती आली तर काय होईल हे जॉबरला सांगावे लागत नाही. यात्रेच्या गर्दीत बसकण मारणाऱ्या माणसाला पन्नास मागांच्या खडखडाटात उभे करणेही योग्य नाही. नको असलेला आवाज बाजूला सारून हवा तेवढाच ऐकणे हेही मेंदूचेच काम असते आणि ते जमेनासे झाले की सर्व आवाज एकदमच अंगावर येतात. टॉवेलच्या घड्या घालणे, डझनाने मोजून गठ्ठे बांधणे, सुताच्या कांड्या रंगांप्रमाणे वेगळ्या करणे, अशी कामे घरी आणता येतील. त्यांत हात, नजर, मोजणी आणि क्रम सर्व काही आहे आणि चूक झाली तरी बोट जात नाही.

तेलाविषयी : हाड बसवून झाले असले तरी जखमेच्या रेषेवर चोळणे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हाड काढलेले असताना तर त्या जागी हातही दाबू नये. आणि फिट येऊ नये म्हणून दिलेली गोळी कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून, एकाएकी बंद करू नये.

रिक्षावाला भाऊ | १३ मे, सकाळी ६.३०

मी अशोक चौक ते सात रस्ता या पट्ट्यात रिक्षा चालवतो. चार वर्षांपूर्वी माझे वडील जिन्यावरून पडले आणि डोक्याला मार लागला. बरे झाल्यावर ते जे शिव्या देऊ लागले, तशा मी स्टँडवरही ऐकल्या नव्हत्या, आणि ते वारकरी होते, आयुष्यात आवाज चढवलेला मी पाहिला नव्हता.

आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे वही. कधी चिडले, त्याआधी अर्ध्या तासात काय झाले, घरात कोण होते, टीव्ही चालू होता का, पोट साफ झाले होते का, झोप किती झाली, एवढेच आई एका ओळीत लिहायची. पंधरा दिवसांनी वाचले तर दहापैकी सात वेळा संध्याकाळी साडेसहा ते आठ हीच वेळ होती. त्याच वेळी नातवंडे शाळेतून आलेली, टीव्ही चालू, कुकर चालू, आणि मी रिक्षा दारात लावून मोबाइलवर मोठ्याने बोलत असायचो. आम्ही त्या दीड तासाची व्यवस्था बदलली. त्यांना साडेपाचलाच खायला देऊन मी कंबर तलावाच्या कडेने हळूहळू फेरी मारून आणू लागलो. भांडणे पूर्ण थांबली नाहीत, पण शेजारी धावून येण्यासारखी राहिली नाहीत.

दुसरी गोष्ट गोळीची. वडिलांना फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटाम चालू होती. या गोळीने काही जणांची चिडचिड वाढते, हे आम्हाला दीड वर्षाने कळले, तेही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर, त्यांनी वही वाचली म्हणून. त्यांनी ती हळूहळू कमी करत दुसरी गोळी सुरू केली. ताईंनी भावाच्या गोळ्यांची नावे पाहावीत आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. स्वतः बंद करू नये, हे वर लिहिलेच आहे. अचानक चिडणे वाढले तर लघवीचा जंतुसंसर्ग किंवा बद्धकोष्ठही असू शकते. आमच्याकडे एकदा तेच निघाले.

चिडले की उत्तर द्यायचे नाही, हात धरायचा नाही, मुलांना बाहेर न्यायचे आणि आपण दाराकडे तोंड ठेवून उभे राहायचे. दहा मिनिटांनी ते विसरायचे. आपल्याला विसरायला वेळ लागतो, ती गोष्ट वेगळी.

आडवा धागा | १३ मे, दुपारी २.१०

काल रात्री वहिनीने चटणी उजव्या बाजूला वाढली. दादाने ती संपवली आणि पुन्हा मागितली. इतके महिने ती समजत होती की त्याची चवच गेली. मग तिने ताट अर्धे फिरवले, तेव्हा भात तसाच राहिला. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडली. कॉफीचा वासही त्याला ओळखता आला नाही.

हातपाय | १३ मे, सायंकाळी ५.००

आता गाडीच्या किल्लीचा प्रश्न वेगळ्या प्रकाशात पाहा. त्यांचे डोळे शाबूत असतील, पण उजव्या बाजूला मार लागल्यामुळे डावीकडे काही आहे याची दखलच मेंदू घेत नसावा. अशा माणसाच्या डाव्या हाताने येणारी सिटी बस त्याच्यापुरती नसतेच. हे नेत्रतज्ज्ञांना आणि न्यूरोलॉजिस्टना आवर्जून सांगा. गाडी घरासमोरून हलवा. डोळ्यांसमोर उभी असलेली गाडी रोज नवा वाद उभा करेल.

"तुला जमणार नाही" असे म्हणून उपयोग होत नाही. स्वतःची उणीव न जाणवणे हा दुखापतीचाच भाग आहे. तो हट्ट नाही. सुरक्षित कामात त्यांना स्वतःच ती दिसू द्यावी. उदाहरणार्थ, वर्तमानपत्राच्या पानावरचे सर्व "क" खुणा करायला सांगा आणि मग पान त्यांच्याच हाताने तपासायला लावा. डावीकडचा रकाना कोरा राहिलेला त्यांना स्वतःला दिसेल. पानाच्या डाव्या कडेला लाल जाड पट्टी ओढा आणि "पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची" अशी सवय लावा. तीच पट्टी पुढे ताटाखालच्या कापडावर, मग दाराच्या चौकटीवर.

वास येत नाही, म्हणजे गॅस सुटलेला कळणार नाही. शेगडी त्यांच्या एकट्याच्या हाती देऊ नका.

पूर्व भाग | १३ मे, रात्री १०.२५

आमच्या घरी तेलुगू बोलतात, बाहेर मराठी, आणि आईचे माहेर अक्कलकोटकडचे असल्याने तिला कन्नडही येते. सोलापुरात हे नवे नाही. आईच्या मेंदूला डाव्या बाजूला मार लागला आणि वाचा गेली. वाचोपचार मराठीतून चालले होते आणि प्रगती शून्य होती. एके दिवशी मावशी आली, ती कन्नडमधून बोलली, आणि आईने तीन शब्दांचे उत्तर दिले. या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकापासून दोन मते आहेत : फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांच्या मते सर्वांत आधी शिकलेली भाषा टिकते, तर फ्रेंच डॉक्टर पित्र यांनी १८९५ मध्ये मांडले की दुखापतीच्या वेळी रोज वापरात असलेली भाषा आधी परतते. आमच्या आईने पहिल्याची बाजू घेतली; शेजारच्या एका आजोबांनी दुसऱ्याची.

ताईंच्या भावाचे बोलणे शाबूत आहे, तरी हे लिहितो, कारण इथे येणारे अनेक जण विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या घरांतले असतील आणि रुग्णालयात मराठीतूनच विचारणा होते. घरात कोणती भाषा चालते, हे उपचार करणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा. आणखी एक : आईला पाणी मागता येत नव्हते तेव्हाही आरती सबंध म्हणता येत होती, वार ओळीने म्हणता येत होते. त्यामुळे "हिला बोलता येते, मुद्दाम बोलत नाही" असा समज नातेवाइकांत पसरला. पाठ असलेले म्हणणे आणि हवे ते मागणे या दोन वाटा मेंदूत वेगळ्या आहेत.

निवृत्त लिपिक | १४ मे, सकाळी ११.००

कागदपत्रांविषयी लिहितो, कारण त्यासाठी कोणाला वेळ नसतो आणि मुदती निघून जातात.

अपघात कामावरून घरी येताना झाला आहे. भावाच्या पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) रक्कम कापली जात असेल, तर २०१० च्या दुरुस्तीपासून घर आणि कामाचे ठिकाण यांच्या वाटेवरील अपघातही, वेळ, जागा आणि काम यांचा संबंध सिद्ध झाल्यास, कामावरील दुखापत धरला जातो. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो. हजेरीपटाची त्या रात्रीची नोंद आजच मिळवा. कारखाना लहान असल्यास नोंदणीच नसते, हे आपल्या शहराचे दुर्दैव आहे, तरीही विचारावे.

गाडी स्वतःहून घसरली असल्याने समोरच्या वाहनाविरुद्धचा दावा इथे लागू होणार नाही. ज्यांना दुसऱ्या वाहनाने धडक दिली आहे, त्यांनी मोटार अपघात न्यायाधिकरणातला दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात ही मुदत आहे. भावाच्या स्वतःच्या विमा पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे का, तेही पाहा. तो मृत्यू आणि कायमचे मोठे अपंगत्व यांसाठी असतो आणि वाहन परवाना वैध असावा लागतो.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) यांसाठी ऑनलाइन अर्ज करावा लागतो. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत, त्यांत मेंदूची दुखापत असा स्वतंत्र प्रकार नाही. म्हणून हातापायांची कमजोरी, दृष्टी, वाचा, मानसिक स्थिती यांपैकी जे उरले आहे त्याची तपासणी होते. पायाचे व्यंग दिसते, म्हणून तेवढेच मोजले जाते. स्वभावातील आणि स्मरणातील बदलांची तपासणी आपणहून मागावी लागते. रिक्षावाल्या भाऊंनी सांगितलेली वही तिथेही कामी येईल.

सर्वंकष तपासणीसाठी मुंबईत हाजीअली येथे १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी पोहोचता येते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविकारांच्या राष्ट्रीय संस्थेतही मेंदूच्या रुग्णांसाठी स्वतंत्र पुनर्वसन विभाग आहे.

शेंगाचटणी | १४ मे, रात्री १०.५०

सर्वांनी भावाविषयी लिहिले. मी वहिनींविषयी लिहिते, कारण मी त्या जागी आहे. माझ्या यजमानांना सहा वर्षांपूर्वी मार लागला. माणूस समोर आहे, जेवतो, चालतो, म्हणून रडायची सोय नसते. कोणाला सांगावे तर ऐकावे लागते, "कुंकू शाबूत आहे ना, मग झाले." ज्याच्याशी मी संसाराचे बोलायची, तो माणूस मला त्या दिवसानंतर भेटलेला नाही; जो आहे त्याच्याशी मी नव्याने ओळख करून घेतली, आणि त्याला चार वर्षे लागली.

ताई, रागावू नका. संध्याकाळी तासभर येऊन "असे कर, तसे कर" सांगणारी नणंद मलाही होती. मला सल्ला नको होता, आठवड्यातून एक दुपार हवी होती. तुम्ही दर रविवारी चार तास भावाजवळ थांबा आणि वहिनींना घराबाहेर पाठवा. त्या नवी पेठेत फिरोत, माहेरी जावोत किंवा नुसत्या झोपोत. आणि रात्री अगदी असह्य झाले तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक आहे, तिथे मराठीतून बोलता येते. मी बोलले आहे.

आडवा धागा | १५ मे, सकाळी ७.१५

रागावले नाही. थोडी लाजले.

आडवा धागा | २९ जून, रात्री ९.३०

विचारपूस करणाऱ्या सर्वांसाठी लिहिते.

दादाला लेव्हेटिरासिटामच चालू होती. डॉक्टरांनी वही पाहिली आणि गोळी टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. तांब्यानंतर आणखी दोनदा वस्तू फेकल्या गेल्या, दोन्ही वेळा संध्याकाळी सातच्या सुमारास. आता धाकटा त्या वेळी वरच्या घरात अभ्यासाला बसतो. गाडी माझ्या यजमानांनी त्यांच्या कार्यालयात नेऊन ठेवली. दादा अजून किल्ली मागतो, पण रोज नाही.

यूडीआयडीचा अर्ज केला आहे. ईएसआयच्या बाबतीत कारखान्याने हजेरीची नोंद द्यायला पाच हेलपाटे घालायला लावले, मिळाली.

कारखान्यातला त्याचा मदतनीस दर शनिवारी घड्या घालण्यासाठी टॉवेल आणून देतो. पहिल्या दिवशी दादाने बारा मोजताना तीन वेळा गोंधळ केला. वहिनीने फरशीवर खडूने बारा चौकोन आखले, डाव्या टोकाचा लाल, प्रत्येक चौकोनात एक टॉवेल. आता दोन तासांत, मध्ये दोन विश्रांती घेऊन, तो सहा डझन बांधतो. एका टॉवेलची किनार विणताना चुकली होती, ती त्याने आपणहून बाजूला काढली आणि मदतनिसाला कोणत्या मागाचा म्हणून विचारले. मागाचा क्रमांकही बरोबर निघाला. मात्र त्याच दुपारी त्याने मला दोनदा विचारले की आपले वडील कुठे गेले आहेत. ते जाऊन नऊ वर्षे झाली.

पलंगासमोरच्या भिंतीवर, जिथे तो पाहत बसायचा, तिथेच आम्ही एक फळा लावला. त्यावर वार, तारीख, सकाळची पाच कामे चित्रांसह, आणि पाणी येण्याचा दिवस असे लिहिलेले असते. आमच्या भागात चार दिवसांआड पाणी येते, त्यामुळे त्या दिवसाभोवती घरातले सगळे फिरते आणि तो दिवस त्याच्या लक्षात राहू लागला आहे. रविवारी मी असते, वहिनी माहेरी जाते. पहिल्या रविवारी ती दोन तासांतच परत आली होती, आता संध्याकाळी येते. तिने शिलाई मशीनवरचे कापड काढले आहे.

गेल्या गुरुवारी पहाटे पाणी आले तेव्हा सगळे झोपेत होते. नळाचा आवाज ऐकून दादा उठला, कोणी न सांगता अंगणात गेला आणि टाकीचा कॉक त्याने उघडला. वहिनीला जाग आली ती टाकी भरून पाणी जिन्यावरून वाहू लागल्यावर. तो तिथेच, पाण्यात उभा राहून टाकीकडे पाहत होता. तिने कॉक बंद केला नाही. त्याचा हात धरून त्याच्याकडूनच बंद करून घेतला. आता फळ्यावर सहावे चित्र आहे, बंद कॉकचे.